डायनामोची बेंबी

मिस्त्रीकडं गाडी नेली की आधी आवाज काढून दाखवावा लागायचा. गाडीनं नाही, गाडीवाल्यानं. काळेवाडीच्या रस्त्यावर, चार माणसांच्या देखत, तोंडानं.

"काय होतंय?" मिस्त्री विचारायचा.

"आवाज येतोय."

"कसा येतोय? काढ."

मग तो माणूस इकडंतिकडं बघून हळूच घर्रर्र करायचा. मिस्त्री डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडं बघायचा. "पुन्ना काढ. तोंड उघडून काढ. लाजतोस काय, बोहल्यावर उभा हाईस का?" मोठमोठे कंत्राटदार, कंपनीतले सुपरवायझर, एकदा तर देहूरोडहून आलेला लष्करातला एक मिशाळ सुभेदार, या सगळ्यांनी त्या रस्त्यावर टकटक, घुरघुर, फटफट करून दाखवलेलं मी बघितलंय. नळावरच्या बायका हंडा भरला तरी हलायच्या नाहीत.

मी चौथी शिकलोय. लिहायची सवय नाही. पण बायको जाऊन आठ महिने झाले. घरात मुलगा आहे, सून आहे, बोलायला माणसं आहेत. पण मिस्त्री कुणाला ठाऊक नाही. मिस्त्रीला बघितलेलं माणूस आमच्या घरात ही एकच होती. आता मीच राहिलो, म्हणून लिहितोय. हसू आलं तर हसा. तीही हसायची.

मिस्त्रीला काहीतरी नाव असेल, रेशनकार्डावर असेल. आम्हाला तो मिस्त्रीच. माणूस नगरकडचा, बुटका, मान जवळजवळ नाहीच, आणि दात असे की बघत राहावं. पांढरेशुभ्र, एकाला एक लागून. पान नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांड नाही. कुणी तंबाखू पुढं केली तर म्हणायचा, "माझी हत्यारं हायत ती. तू पान्याला चुना लावतोस का?"

आधी तो एका कंपनीत घणावर होता. लाल लोखंडावर मोठा हातोडा आदळतो, जमीन हादरते, ते काम. तिथनं का सुटला ते कधी सांगितलं नाही. काळेवाडीत रस्त्याच्या कडेला त्यानं स्वतःची शेड घातली होती. तेव्हा पिंपरी-चिंचवडला परदेशातनं मशिनी यायच्या त्या मोठ्या लाकडी खोक्यांतनं. ती खोकी भंगारात निघायची. मिस्त्रीच्या भिंती त्याच फळ्यांच्या. फळ्यांवर काळे बाण आणि इंग्रजी अक्षरं. एक दिवस कुणी शिकलेल्या माणसानं त्याला सांगितलं, "मिस्त्री, ही बाजू वर ठेवा असं लिहिलंय, आणि बाण सगळे खाली. तुमचं घर उलटं आहे." मिस्त्री म्हणाला, "मंग बरं हाय. पाऊस खालनं आला तर गळायचं न्हाई."

गाडीला तो बाई म्हणायचा. आल्या आल्या बॉनेट कधी उघडायचा नाही. आधी चहा. मग गाडीभोवती एक फेरी. मग बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा, ताप बघावा तसा. मालकाला प्रश्नही तसलेच. "कुठं झोपली रातच्याला? उघड्यावर? काय पाजलं? कुणी परक्यानं हात लावला का?" आणि खरं तेच तोंडावर सांगायचा, मग समोर कुणीही असो. एका कंत्राटदाराला म्हणाला होता, "बाई बरी हाय. बिघाड तुमच्या पायात हाय. क्लचवरनं पाय काढा, मी बिल काढत न्हाई." खोटं बोलायचा नाही. त्याचा त्याला माज होता म्हणा.

त्याच्याकडं घणाच्या दांड्याचा एक तुकडा होता, हातभर लांब, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. इंजिन चालू करायला लावायचा, दांड्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचा आणि दुसरं दातात धरायचा. डोळे मिटायचा. मग दांडा सरकवायचा, इथनं तिथं, तिथनं इथं. बाकीचे मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकतात, ते मला ठाऊक होतं. हा चावायचा. विचारलं तर म्हणायचा, "कानाला आवाज फसवतो. थरथर फसवत न्हाई. बाई चाखायची असती, डायवर."

आम्हाला ती त्याची ऐट वाटायची.

आता माझं. कोयनेचा भूकंप होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी मावळातनं येऊन एका कंपनीत ड्रायव्हर लागलो होतो. टेम्पररी. सहा महिने भरत आले की ब्रेक मिळायचा, मग पुन्हा घेतलं तर घेतलं. मोठ्या साहेबांची काळी गाडी माझ्याकडं होती. काळेवाडीत पत्र्याची एक खोली, त्यात मी आणि आमची ही. लग्नाला वर्ष झालं होतं. गावाकडं थोरल्या भावाच्या घरात तिला जावेच्या हाताखाली चूल फुंकावी लागायची. इथं तिचा स्वतःचा स्टोव्ह होता. चिंचवडच्या बाजारातनं तिनं पोळपाट आणि शिसवी लाटणं आणलं होतं. आम्ही भाकरी खाणारी माणसं, गावाकडं पोळी फक्त सणाला. पण तिनं ठरवलं होतं, शहरात आलोय तर रोज पोळी. लाटायला येत नव्हती. लाटायची तरी.

ती एकच म्हणायची, "तुमी कायबी करा, पण पर्मनंट व्हा. मी परत जाऊबाईच्या चुलीफुडं बसायची न्हाई."

त्या वर्षी साहेबांनी माझं नाव पर्मनंटच्या यादीत घालायचं कबूल केलं होतं. यादी दिवाळीनंतर निघणार होती. आणि दसरा झाल्यावर आठ दिवसांत गाडी कण्हायला लागली.

सुरू केली की बारीक आवाज. ॲक्सिलरेटर दाबावा तसा वर चढायचा, सोडावा तसा खाली यायचा. आमचे साहेब म्हणजे अगदी हळू बोलणारा माणूस. त्यांच्या ऑफिसात पंख्याची कुरकुर झाली तरी पंखा उतरवून न्यायचे. गाडीत मागं बसून ते फक्त कपाळाला दोन बोटं लावायचे. कंपनीच्या गॅरेजमध्ये नवीन फॅनबेल्ट घातला. आवाज होता तसाच. चार दिवसांनी साहेब म्हणाले, "हे बघ, मला राग नाही तुझा. पण गाडी सांभाळता येत नाही त्या ड्रायव्हरची शिफारस मी कशी करू? दिवाळीच्या आत हा आवाज गेला पाहिजे."

रागावले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले म्हणून जास्त भ्यालो.

गेलो मिस्त्रीकडं. चहा झाला, फेरी झाली, ताप बघून झाला.

"काढ आवाज."

मी लाजलो. गाडी चालवणारा मी, त्या रस्त्यावर सगळे ओळखणारे. कसंबसं तोंड वेंगाडून "कुईईई" केलं.

"बेल्ट," मिस्त्री म्हणाला.

"बेल्ट नवीन हाय मिस्त्री."

"नवीनच किंचाळतो. ढिला बसवलाय." त्यानं बॅटरी भरणारा डायनामो मागं ओढून बेल्ट ताणून आवळला, वर साबणाची वडी घासली. दांडा काढलाच नाही. मी गाडी सुरू केली. आवाज दुप्पट झाला. मी मिस्त्रीकडं बघितलं. तो हात पुसत उभा, चेहऱ्यावर समाधान.

"गेला न्हवं?"

"मिस्त्री, वाढला."

त्यानं पुन्हा विचारलं, "गेला न्हवं?" आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्याचा चेहरा उतरला. "रविवारी आण," म्हणाला आणि शेडमध्ये निघून गेला.

गाडी मी आमच्या खोलीपुढनंच नेत होतो. ही दारात आली. गाडी चालू होती. ती दोन मिनिटं ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्रीला तुमी कोणता आवाज काढून दावला?"

"कुईईई."

"येड्यावानी. ती रडती का? ती कण्हतीया. तोंड मिटून." आणि तिनं ओठ मिटून "म्ंऽऽऽऽ" असा आवाज काढला. हुबेहूब! मला वाटलं दुसरी गाडी आली.

तिला घेऊन परत गेलो. ती डोक्यावरचा पदर सावरून मिस्त्रीपुढं उभी राहिली आणि ओठ मिटून तोच आवाज काढला. मिस्त्री तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "काढ की पोरी," म्हणाला. तिनं पुन्हा काढला. "अगं काढ, लाजू नको." तिसऱ्यांदा काढला, नळावरची बाई वळून बघायला लागली. मिस्त्री म्हणाला, "जाऊ दे, बाईमाणूस लाजतं. रविवारी बघू."

घरी आल्यावर हिनं हात धुतले. स्टोव्ह पेटवला, पोळपाट घेतला आणि मग म्हणाली, "तुमचा मिस्त्री ठार बहिरा हाय."

"काय बोलतीस? त्याच्यासारखा आवाज वळखणारा माणूस चाकणपोत्तर न्हाई."

"आवाज वळखत न्हाई तो. तोंडं वळखतो. मी तोंड मिटलं तर त्याला काय दिसलंच न्हाई."

मी तिला वेड्यात काढलं. मग एकेक आठवायला लागलं. मागनं हाक मारली की तो कधी वळायचा नाही, आम्ही म्हणायचो घमेंडखोर आहे. ओरडून बोलायचा, आम्ही म्हणायचो घणावरचा आहे. घणावरचा होता म्हणूनच तर. ती म्हणाली, "कुणाला सांगू नका. बहिऱ्याकडं आवाज दुरुस्त करायला कोण येईल? पोट हाय त्याचं."

मग माझ्या ध्यानात आलं. माझं पर्मनंट होणं एका बहिऱ्या माणसाच्या हातात होतं.

दुसऱ्या मिस्त्रीकडं जायचा विचार केला, खोटं कशाला सांगू. पण शनिवारी साहेब म्हणाले, "तुझ्या त्या नावाजलेल्या मिस्त्रीकडं उद्या मी स्वतः येतो."

रविवारी सकाळी साहेब पांढरा शर्ट, चकचकीत बूट घालून आले. मिस्त्रीनं त्यांनाही चहा पाजला, कानतुटक्या कपातनं. फेरी मारली. ताप बघितला. मग साहेबांपुढं उभा राहिला.

"काढा आवाज."

"काय?" साहेब म्हणाले.

"आवाज. कसा येतोय तो काढा. तोंड उघडून."

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं. नोकरी गेली, खोली गेली, ही चालली जावेच्या चुलीकडं. एक डोळा हळूच उघडला. आणि मग साहेबांनी, ज्यांनी जन्मात मोठा आवाज केला नव्हता, त्यांनी गळ्याशी बोट घालून कॉलर सैल केली आणि "कुंऽऽऽईंऽऽ" केलं.

"पुन्ना."

"कुंऽऽऽऽईंऽऽ!"

"थांबायचं न्हाई, गाडी थांबती का? वर चढवा. हां, आता उतरवा."

साहेबांना रंग चढला होता. चढवला, उतरवला, शेवटी गिअरसुद्धा बदलून दाखवला. पानवाल्यानं टाळ्या वाजवल्या. साहेब लाल झाले, पण मला वाटतं त्यांना बरंही वाटलं असावं.

मिस्त्री म्हणाला, "हां. सुरू कर रे डायवर." दांडा दातात धरून तो वाकला. आदल्या चुकीचं त्याच्या मनात असावं, घाईत होता. दांड्याचं टोक सरकलं आणि फिरत्या पंख्यात गेलं. असा काही आवाज झाला! दांड्याच्या चिरफळ्या उडाल्या, एक पानवाल्याच्या बरणीवर, एक साहेबांच्या कानाजवळनं. साहेब उडी मारून बाजूला झाले ते थेट नळाच्या चिखलात.

मी गाडी बंद केली. मिस्त्रीच्या हातात वीतभर तुकडा. तो त्याकडं बघत होता, आंधळ्याची काठी मोडावी तसा. साहेब चिखलात. मी स्टिअरिंग धरून बसलेलो.

तेवढ्यात ही आली. नळापलीकडच्या आमच्या दारातनं सगळं बघत होती. हाताला कणीक तशीच, आणि हातात लाटणं. मिस्त्रीपुढं धरलं. "हे चालंल का बघा, दादा," म्हणाली. ओठ मोठे हलवून, सावकाश म्हणाली. मिस्त्री तिच्याकडं बघत राहिला. कळलं त्याला, हिला ठाऊक आहे ते. लाटणं घेतलं, शर्टाला पुसलं, आणि टोक दातात धरलं.

मग त्यानं घाई केली नाही. आधी बेल्ट काढला आणि मला म्हणाला, "एक मिनिट चालव, जास्त न्हाई." गाडी चालली. तो इंजिनाकडं बघतच नव्हता, साहेबांच्या कपाळाकडं बघत होता. साहेबांची दोन बोटं कपाळावरनं खाली आली. "बंद," मिस्त्री म्हणाला. "बेल्टवर जे फिरतं त्यातच हाय. एक तर पाण्याचा पंप, न्हाईतर डायनामो."

बेल्ट परत चढवला, या खेपेला अंगठ्यानं दाबून जरा खाली जाईल असा. गाडी सुरू. लाटणं पंपावर. डोळे मिटलेले. "निरोगी," असं लाटण्याच्या बाजूनं बोलला. डायनामोच्या पुढच्या तोंडावर. "बरी हाय." मग डायनामोच्या मागच्या टोकाला लाटणं लावलं आणि तापलेला तवा चावावा तसा झटका बसून मागं सरला. दात धरून उभा राहिला, आणि हसला.

"हितं."

डायनामोच्या मागच्या टोकाला मधोमध एक बारीक भोक असतं. आतला कणा एका पितळी कड्यात, म्हणजे बुशात फिरतो, त्याला तेलाचे दोन-चार थेंब त्या भोकातनं द्यायचे. मिस्त्री त्याला बेंबी म्हणायचा. त्यानं ग्रीस पुसलं. खाली लाल दिसलं. तारेनं खरवडलं तर लालपिवळा खडा निघाला, चण्याच्या डाळीएवढा, सिमेंटसारखा घट्ट. मिस्त्रीनं तो हातावर घेतला, हुंगला, आणि त्याच्या रीतीप्रमाणं जिभेला लावला. मग माझ्याकडं बघितलं.

हळदकुंकू.

खंडेनवमीला कंपनीत सगळ्या हत्यारांची, मशिनींची पूजा. यंदा साहेब पर्मनंट करणार म्हणून मी गाडीची पूजा जास्तच मनापासून केली होती. लोक बॉनेटला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, झालं. मी बॉनेट उघडून आतल्या एकेका भागाला तेलात कालवलेलं हळदकुंकू लावलं होतं. आणि डायनामोच्या त्या भोकाला मुद्दाम चांगला मोठा टिळा, कारण ती जागा टिळ्यासाठीच केलीय असं दिसत होतं. टिळा वाळला, भोक बुजलं. महिन्याचं तेल मी त्याच्यावरच ओतलं, ते बाहेरनं ओघळून गेलं. आतला कणा कोरड्या बुशात फिरून कण्हत होता. म्हणजे देवाचं करायला गेलो आणि माझ्याच हातानं गाडीची बेंबी बुजवली.

साहेब नळावर बूट धूत होते. मिस्त्रीनं मूठ मिटली. डायनामो उतरवला, बुश बदलला, बेंबी साफ करून तेल सोडलं, परत चढवला. तासभर गेला. गाडी सुरू केली. काही नाही. नुसतं इंजिनाचं शांत घुमणं. साहेब डोळे मिटून ऐकत राहिले, देवळात उभं राहावं तसे.

मग म्हणाले, "वा मिस्त्री! काय झालं होतं?"

"तेलाचं भोक बुजलं हुतं. कचरा."

"कचरा? तिथं आत कचरा कसा जाईल? कुणीतरी घातल्याशिवाय? कुणी घातला?"

मिस्त्री पाना पुसायला लागला. आता हा खोटं बोलत नाही हे मला माहीत. साहेबांनी पुन्हा विचारलं. मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं नाही. हिच्याकडं बघितलं. ती कणकेचे हात तसेच धरून उभी होती, ओठ मिटून.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, मला ऐकू येत न्हाई."

"मी म्हणतो, कुणी घातला?" साहेब मोठ्यानं म्हणाले.

"न्हाई येत. बहिरा हाय मी. घणावर दोन्ही कान गेले. धा वर्सं झाली."

सगळा रस्ता ऐकत होता. पानवाला, नळावरच्या बायका, दुरुस्तीला आलेले दोन टेम्पोवाले. इतकी वर्षं झाकलेली गोष्ट त्यानं उघड्या रस्त्यावर टाकली, आणि खोटंही बोलला नाही. साहेब, हळू बोलणारा माणूस, शेवटचं एकदा ओरडले, "कचरा कुणी घातला?" मिस्त्री हात जोडून म्हणाला, "चहा? व्हय, टाकतो की."

साहेबांनी नाद सोडला. आम्ही निघालो. गाडी अशी चालली होती की टायरखालचे खडे ऐकू येत होते. पवनेच्या पुलावर आलो आणि मला राहवेना. मी काही सत्यवान नाही. पण त्या माणसानं आपलं पोट उघडं टाकलं आणि मी मुकाट बसून पर्मनंट होऊ? गाडी कडेला घेतली.

"साहेब, ते कुंकू होतं. मी लावलं. खंडेनवमीला."

साहेबांनी नुसता पुढं चल असा हात केला. चिंचवडला बंगल्यापाशी उतरले, दार लावलं, मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला हार घाल, नारळ फोड. बॉनेट मात्र उघडायचं नाही."

मी पडलेलं तोंड घेऊन घरी आलो. हिला सगळं सांगितलं. म्हणालो, "झालं. काढणार मला."

तिनं साहेबांचं वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "फुडच्या खंडेनवमीला म्हनले ना? मंग फुडच्या वर्साला तुमीच असणार की गाडीवर. झालात पर्मनंट. येवढं कळंना व्हय?"

तसंच झालं. दिवाळीनंतर कागद आला.

पण त्या रविवारीच संध्याकाळी मी मिस्त्रीकडं गेलो, पाया पडायलाच गेलो होतो. समोर उभा राहून, तोंड मोठं करून सांगितलं, साहेबांना सगळं खरं सांगितलं म्हणून. तो ऐकत म्हणजे बघत राहिला. मग पाना उचलून माझ्या मागं धावला.

"आरं गाढवा! तुला सांगायचंच हुतं तर मंग मी फुकट बहिरा झालो की रं!"

दोन-तीन आठवडे त्याचे वाईट गेले. लोक म्हणायचे, बहिऱ्याला आवाज काय कळणार. शेडपुढं एक सायकल उभी राहायची नाही. ही रोज दुपारी त्याला पोळीभाजी द्यायला मला पाठवायची. मग टेम्पोवाल्यांनी चाकणपर्यंत ती गोष्ट नेली, दातानं ऐकणारा मिस्त्री, लाटणं लावून. आणि गर्दी झाली. काही जण तर गाडी बरी असताना यायचे, नुसते बघायला. त्यांना तो हाकलायचा, चहा पाजून. आवाज मात्र सगळ्यांना काढायला लावायचाच. मी एकदा विचारलं, "आता तर सगळ्यांना ठाऊक हाय, मंग कशाला?" म्हणाला, "मजा येती, डायवर."

लाटणं त्यानं दुसऱ्याच दिवशी परत आणून दिलं होतं. एका टोकाला वरचे चार, खालचे चार दात उमटलेले. ही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." तो म्हणाला, "न्हाई पोरी, अन्नाचं हत्यार हाय. त्याला गाड्या चाटायला लावू?" आणि नवा दांडा शोधायला गेला. ही मग त्याच लाटण्यानं पोळ्या लाटायची. पाहुणे विचारायचे, उंदरानं कुरतडलं काय? ती म्हणायची, "न्हाई, मिस्त्रीनं."

पुढं म्हातारपणी मिस्त्रीचे ते दात पडले. आम्हाला वाटलं आता शेड बंद. तो म्हणाला, "कान गेले तवा दात हुते. दात गेले तर कपाळ हाय." दांडा कपाळाला टेकवायला लागला. शेवटी शेवटी दांडाही नको, सरळ बॉनेटवर डोकं ठेवायचा. लोक म्हणायचे झोपला. मग उठून नेमकं सांगायचा. एक दिवस नगरकडं गेला भाच्याच्या लग्नाला आणि तिकडंच राहिला. खोक्यांच्या फळ्या लोकांनी नेल्या. एक आमच्या न्हाणीच्या दाराला होती, बाण वरती करून लावलेली.

आता माझे कान गेलेत. मुलानं मशीन आणून दिलंय, ते खिशातच असतं. ही आजारी पडली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. ओठही नीट हलेनात. ती बोलायची आणि मी "काय? काय?" करायचो. दोघांनाही राग यायचा. एक दिवस दुपारी ती काहीतरी सांगत होती आणि मला काही कळेना, तेव्हा मी वाकलो आणि माझं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. डोळे मिटले. थरथर आली, बारीक.

ती म्हणाली, आणि हे मला स्वच्छ कळलं, "मी काय डायनामो हाय व्हय?"

मी म्हणालो, "बेंबी कोरडी पडलीय. तेल पायजे."

ती हसली. ते हसू ऐकू आलं नाही, कपाळात आलं. मग जाईपर्यंत आम्ही तसंच बोलायचो. सून दार लोटून घ्यायची.

लाटणं अजून आहे. सुनेनं मध्ये विचारलं, टाकून देऊ का, एका बाजूनं खराब झालंय. मी म्हटलं, वापर, अन्नाचं हत्यार आहे. ती त्यानंच पोळ्या लाटते. अगदी चंद्रासारख्या गोल होतात. हिच्या, खोटं कशाला सांगू, जन्मभर कधी गोल झाल्या नाहीत.